परदेशात एक सत्र : इंग्रजीतून कायद्याचा अभ्यास

कायद्याच्या शिक्षणासाठी सातासमुद्रापलीकडे जाणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील बी. सी. एल. ची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. परीक्षा त्यांनी दिली. पदवी हाती पडावयास मात्र १९२२ साल उजाडावे लागले, कारण स्त्रियांना पदवी देण्यास ते विद्यापीठ १९२० पर्यंत तयारच नव्हते. त्याच १९२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. नावाआधी 'बॅ.' हे अक्षर लागावे म्हणून मुलाला विलायतेस पाठविण्यासाठी शेतीवाडी गहाण टाकणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी जुन्या पिढीने पुष्कळ ऐकल्या असतील.

तो काळ मागे पडला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने देशभर अधिवक्त्यांचा एकच व्यवसायवर्ग निर्माण केला आणि वकिलीसाठी विलायतेची वाट धरण्याचे कारण उरले नाही. आता कायद्याचा विद्यार्थी परदेशी जातो तो पुष्कळदा काही महिन्यांपुरताच. पदवी तो येथलीच घेतो. मधले एक सत्र तेवढे दुसऱ्या देशातील विद्यापीठात, बहुधा इंग्रजीतून, शिकून येतो. या व्यवस्थेस विद्यार्थी-विनिमय असे म्हणतात. आपल्याकडील राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी आणि काही विधी महाविद्यालयांनी परदेशी विद्यापीठांशी असे करार केलेले आहेत. मात्र ही सोय नेमकी कशी चालते, तिच्यातून काय मिळते आणि कोठे फसगत होते याची माहिती विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या पालकांना तर त्याहूनही, अपुरीच असते. नेदरलँड्स या देशाचे उदाहरण घेऊन ती येथे देत आहोत. हा देश निवडण्याचे कारण असे की, तेथील कायद्याची भाषा डच आहे आणि तरीही तेथील विधी विद्याशाखांत इंग्रजीतून शिकविले जाणारे विषय विपुल आहेत. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजले म्हणजे बाकीचे बरेचसे समजते.

विनिमयाची व्यवस्था

विनिमय म्हणजे अदलाबदल. दोन विद्यापीठे आपसांत करार करतात आणि एकमेकांचे ठराविक विद्यार्थी एका किंवा दोन सत्रांसाठी सामावून घेतात. विद्यार्थी आपले शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. तेथे मिळविलेले श्रेयांक येथील पदवीत जमा होतात. यजमान विद्यापीठ त्याला पदवी देत नाही, गुणपत्रक देते. हा शेवटचा मुद्दा साधा असला तरी घरोघरी त्याविषयी गैरसमज आढळतो. 'मुलगा लायडनला शिकला' हे खरे. 'लायडनची पदवी घेऊन आला' हे मात्र खरे नव्हे.

युरोपात या व्यवस्थेस मोठे रूप आले ते १९८७ पासून. रॉटरडॅमचा थोर मानवतावादी पंडित इरॅस्मस हा आयुष्यभर युरोपातील विद्यापीठे हिंडला. त्याचे नाव देऊन त्या वर्षी एक योजना सुरू करण्यात आली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, श्रेयांकांची समान मोजपट्टी तयार झाली. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक आणि एका सत्राचा म्हणजे ३०, असे हे गणित आहे. नेदरलँड्समध्ये एक श्रेयांक २८ तासांच्या श्रमाबरोबर धरतात. त्यात व्याख्याने, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी असे सर्व काही आले. म्हणजेच एका सत्रात ८४० तास काम करणे अपेक्षित असते. युरोपदर्शनाचा बेत मनात धरून जाणाऱ्यांनी हा आकडा आधी लक्षात घेतलेला बरा. २०१५ पासून या योजनेची दारे युरोपाबाहेरील विद्यापीठांनाही उघडली असून तीत भारतातील विद्यापीठांचाही समावेश होतो. याखेरीज दोन विद्यापीठांनी स्वतंत्रपणे केलेले करार असतातच.

डच देशात इंग्रजी वर्ग

अदलाबदल म्हटली की दोन्ही बाजूंनी विद्यार्थी यावयास हवेत. डच विद्यार्थी स्पेनला, इटलीला, पोलंडला जाण्यास तयार होते; परंतु तिकडून येणाऱ्यांपैकी डच भाषा जाणणारा क्वचितच एखादा. तेव्हा डच विद्यापीठांनी काही विषय इंग्रजीतून शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे या वर्गांत डच विद्यार्थीही बसू लागले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने तर युरोपीय कायद्याचा संपूर्ण पदवी अभ्यासक्रमच इंग्रजीत उपलब्ध करून दिला. इंग्रजीचा हा विस्तार सर्वांनाच रुचला आहे असे नाही. उच्च शिक्षणात मातृभाषेचे स्थान कोणते, यावर गेल्या काही वर्षांत त्या देशात बराच वाद झाला आहे. मराठी माणसाला या वादातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समजावून सांगावे लागणार नाहीत.

तेथे इंग्रजीतून काय शिकता येते, हा कळीचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय कायदा, युरोपीय संघाचा कायदा, मानवी हक्क, तौलनिक कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार व लवाद, पर्यावरणाचा कायदा हे विषय इंग्रजीत चांगले शिकविले जातात, कारण त्यांची साधनसामग्रीच मुळात इंग्रजीत असते. डच दिवाणी प्रक्रिया किंवा डच करविधी यांचे तसे नाही. तो व्यवहार डच भाषेतच चालतो आणि तेथे वकिली करू इच्छिणाऱ्याला डच भाषेवाचून गत्यंतर नाही. विनिमयावर येणाऱ्यांसाठी 'डच कायद्याचा परिचय' अशा स्वरूपाचा एखादा विषय इंग्रजीत असतो. तो सोपा म्हणून पुष्कळजण टाळतात. आमच्या मते तो अवश्य घ्यावा. आपल्या कायद्याकडे बाहेरून पाहण्याची संधी त्याच्याइतकी दुसरा विषय क्वचितच देतो.

उदाहरणार्थ, डच संविधानाचा अनुच्छेद १२० पाहावा. संसदेने केलेला अधिनियम संविधानाशी सुसंगत आहे की नाही, हे न्यायालयाने तपासू नये, असे तो बजावतो. १९७३ च्या केशवानंद भारती प्रकरणातील तेरा न्यायमूर्तींच्या निर्णयाचे संस्कार घेऊन गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे वाचून धक्काच बसतो. संसदेने केलेला कायदा आणि घटनादुरुस्तीसुद्धा न्यायालय रद्द करू शकते, हे त्याने गृहीतच धरलेले असते. मग तेथे नागरिकांच्या हक्कांचे रक्षण कोण करतो? उत्तर अनुच्छेद ९४ मध्ये सापडते. सर्वांना बंधनकारक अशा आंतरराष्ट्रीय करारांच्या तरतुदींशी देशातील कायदा विसंगत ठरला, तर न्यायालय तो लागू करीत नाही. म्हणजे जे दार संविधानाने लावले, ते करारांनी उघडले. २० डिसेंबर २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने उर्जेंडा या संस्थेच्या दाव्यात शासनाविरुद्ध निकाल कायम केला आणि २०२० अखेरपर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटविण्याचा आदेश उचलून धरला. त्याचा आधार मानवी हक्कांचा युरोपीय करार हा होता. आपल्याकडे पर्यावरणाचे असे प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातून सोडविले जातात. दोन देश एकाच मुक्कामाला दोन वाटांनी कसे पोहोचतात, हे अशा वर्गात बसून कळते.

शब्द तेच, अर्थ निराळे

इंग्रजी येते म्हणजे इंग्रजीतून कायदा येतो, असे मात्र समजू नये. येथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. कायद्याचा शब्द एखाद्या भाषेचा असतो त्याहून अधिक तो एखाद्या विधिव्यवस्थेचा असतो. आपली इंग्रजी ही इंग्लंडच्या कायद्यातून आलेली. नेदरलँड्सचा कायदा मात्र रोमन परंपरेतून, फ्रेंच संहितांच्या प्रभावाखाली घडलेला. त्यांची सध्याची नागरी संहिता मुख्यत्वे १९९२ पासून अंमलात आहे. तेथील प्राध्यापक तोच इंग्रजी शब्द उच्चारतो, परंतु त्यामागे उभी असलेली वस्तू वेगळी असते.

'नोटरी' हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांपुढे न्यायालयाच्या आवारात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे गृहस्थ उभे राहतात. नेदरलँड्समधील नोटरी हा शासनाने नेमलेला, विशेष शिक्षण घेतलेला विधिज्ञ असतो. घराच्या मालकीचे हस्तांतरण त्याने केलेल्या दस्तऐवजाशिवाय होऊच शकत नाही. 'ज्युरिसप्रुडन्स' म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातील विधिशास्त्र, कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा भारदस्त विषय. डच विधिज्ञाच्या तोंडी हाच शब्द न्यायालयीन निर्णयांचा संग्रह एवढ्या अर्थाने येतो. 'या मुद्द्यावरील ज्युरिसप्रुडन्स पाहून या' असे सांगितल्यावर एखादा विद्यार्थी ग्रंथालयातून तत्त्वज्ञानाची पुस्तके काढून बसला, तर त्याला हसता येणार नाही. 'ॲडव्होकेट जनरल' म्हणजे आपले महाधिवक्ता, राज्य शासनाचे सर्वोच्च विधी अधिकारी. संविधानाच्या अनुच्छेद १६५ अन्वये त्यांची नेमणूक होते. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयात याच नावाचा अधिकारी कोणाचाही वकील नसतो. प्रकरणाचा निकाल कसा लागावा याविषयी आपले स्वतंत्र मत तो न्यायालयापुढे मांडतो. नाव एक, आसन वेगळे.

करारासंबंधीचा फरक याहून खोल आहे. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार काही अपवाद वगळता प्रतिफलाशिवाय केलेला करार शून्य ठरतो. पहिल्या वर्षापासून हे आपल्या विद्यार्थ्याच्या हाडीमासी भिनलेले असते. डच कायद्यात करारासाठी प्रतिफलाची अटच नाही. त्याऐवजी पक्षकारांनी परस्परांशी वाजवीपणाने व न्यायबुद्धीने वागले पाहिजे या तत्त्वावर मोठा भर असतो आणि हे तत्त्व प्रसंगी कराराच्या शब्दांनाही वळण देते. तसेच न्यासाचे. देवस्थान, शिक्षणसंस्था, वाचनालय यांच्यामुळे 'ट्रस्ट' आणि 'विश्वस्त' हे शब्द महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचले आहेत. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आपल्या परिचयाचा आहे. इंग्लंडच्या कायद्यातून आलेली ही कल्पना डच नागरी संहितेत मात्र नाही. ते हे काम 'श्टिख्टिंग' नावाच्या प्रतिष्ठानाकडून करवून घेतात.

भाषा आणि कायदा यांच्या नात्याची ही जाणीव युरोपीय न्यायालयाने स्वतःच बोलून दाखविली आहे. संघाच्या अधिकृत भाषा आज २४ असून कायद्याचा प्रत्येक भाषेतील पाठ सारखाच प्रमाण मानला जातो. १९८२ च्या सिल्फिट प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, अर्थ लावताना निरनिराळ्या भाषांतील पाठ ताडून पाहावयास हवेत आणि संघाच्या कायद्यातील संज्ञेचा अर्थ राष्ट्रीय कायद्यातील त्याच संज्ञेसारखाच असेल असे नाही. आपल्याकडे विधानमंडळाने मराठीत मंजूर केलेल्या अधिनियमाचा राजपत्रात प्रसिद्ध होणारा इंग्रजी अनुवाद हा अनुच्छेद ३४८ (३) अन्वये त्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ ठरतो. दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून राज्याने १९९८ मध्ये मराठीस स्थान दिले. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तालुक्याच्या न्यायालयात मराठीतून लिहिलेली फिर्याद वाचलेला आणि तिच्यावरील अपिलाचा इंग्रजी निर्णयही वाचलेला विद्यार्थी हा दोन विधिभाषांच्या सीमेवरच वाढलेला असतो. तौलनिक कायद्याच्या वर्गात हे त्याचे भांडवल आहे. मराठी माध्यमातून आलेली मुले या गोष्टीचा उगाच संकोच करतात. त्या वर्गात इंग्रजी ही बहुतेकांची परकीच भाषा असते. इटालियन, पोलिश, स्पॅनिश विद्यार्थीही शब्दांसाठी अडखळतात, उच्चार आपापल्या वळणाने करतात आणि तरी बोलतात.

आपल्या विद्यार्थ्याची अडचण असते ती दुसरीच. जुन्या निर्णयांतील आणि मसुद्यांतील लांबलचक, 'उपरिनिर्दिष्ट' छापाच्या इंग्रजीची त्याला सवय झालेली असते. तेथे आखूड वाक्ये, एका परिच्छेदात एक मुद्दा आणि सरळ उत्तर अपेक्षित असते. जाण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज एक निर्णय वाचून त्याचा गोषवारा पंधरा ओळींत लिहिण्याचा सराव केल्यास पुष्कळ उपयोग होतो.

वर्गातील रीत

व्याख्यानांबरोबरच लहान गटांचे वर्ग भरतात. त्यांत आधी नेमून दिलेले वाचन करून जावे लागते आणि न वाचता गेलेला विद्यार्थी दहा मिनिटांत उघडा पडतो. प्राध्यापकास नावाने हाक मारण्याची तेथे रीत आहे. आपल्या मुलांना ते प्रथम फार जड जाते. पण या सलगीचा अर्थ गुणांच्या बाबतीत ढिलाई असा कोणी घेऊ नये.

परीक्षेत 'टिपा लिहा' असा प्रश्न क्वचितच येतो. एक घटना दिलेली असते आणि वकील या नात्याने सल्ला द्या, असे सांगितलेले असते. प्रश्न कोणता उद्भवतो, नियम कोणता, तो या घटनेला कसा लागू पडतो आणि निष्कर्ष काय, अशा क्रमाने उत्तर लिहावयाचे. युरोपीय कायद्याच्या विद्यार्थ्याला ही पद्धत समजावी म्हणून १९६३ चे व्हॅन जेंड एन लूस प्रकरण बहुधा अगदी आरंभी शिकविले जाते. या डच वाहतूक कंपनीने पश्चिम जर्मनीतून एक रासायनिक पदार्थ आणला. त्यावरील आयात शुल्क तीन टक्क्यांवरून आठ टक्के झाले होते. सदस्य राष्ट्रांनी आपसांतील शुल्क वाढवू नये असे आर्थिक समुदायाच्या करारात म्हटले होते. परंतु तो करार राष्ट्राराष्ट्रांतील. एका खाजगी कंपनीला त्याच्या आधारे आपल्याच शासनाविरुद्ध न्यायालयात जाता येईल काय? येईल, असा निर्णय झाला आणि युरोपीय संघाच्या कायद्याची पुढची सारी इमारत या पायावर उभी राहिली. पाच टक्के जकातीच्या तंट्यातून एवढे मोठे तत्त्व निघाले, ही हकिगत कायदा न शिकलेल्या आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरालाही मोठी रंजक वाटते.

गुण दहापैकी दिले जातात. उत्तीर्ण होण्यास साधारणपणे साडेपाच किंवा सहा लागतात. आठ म्हणजे उत्तम. दहा जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत. दुसऱ्याचे लेखन उल्लेखाशिवाय उतरवणे हा तेथे गंभीर अपराध समजला जातो आणि 'नजरचुकीने राहिले' ही सबब चालत नाही.

लायडन आणि हेग

लायडन विद्यापीठाची स्थापना १५७५ ची. आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो ह्यूगो ग्रोशियस येथे अकराव्या वर्षी विद्यार्थी म्हणून दाखल झाला होता. समुद्र सर्वांना खुला आहे, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला. पूर्वेकडील समुद्रमार्गावर पोर्तुगीज सांगत असलेल्या मक्तेदारीविरुद्ध तो लिहिला होता. तेव्हा ज्या पुस्तकापासून आधुनिक सागरी कायद्याची गोष्ट सुरू होते, त्याच्या पार्श्वभूमीवर गोव्याकडे येणारी जहाजेही आहेत. आज तेथील विधी विद्याशाखा ज्या इमारतीत आहे ती एकेकाळी कामरलिंग ओनेस यांची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती. १९०८ मध्ये हेलियम वायूचे द्रवात रूपांतर प्रथम तेथेच करण्यात आले.

लायडनहून रेल्वेने सुमारे पाव तासात हेग येते. तेथील शांतता प्रासाद १९१३ मध्ये उघडला. आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच वास्तूत बसते. त्याच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच. भारताचे बेनेगल नरसिंग राव, नगेंद्र सिंग, रघुनंदन स्वरूप पाठक आणि दलवीर भंडारी हे या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. त्यांपैकी नगेंद्र सिंग यांनी १९८५ ते १९८८ या काळात अध्यक्षपदही भूषविले. सार्वजनिक सुनावणीच्या वेळी विद्यार्थ्यांना प्रेक्षकांच्या सज्जात बसता येते.

महाराष्ट्राला हे न्यायालय घरोघरी ठाऊक झाले ते कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणामुळे. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावल्यावर भारताने मे महिन्यात हेगमध्ये दाद मागितली. नागपूरचे हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की, भारतीय वकिलातीशी संपर्काचा हक्क नाकारून पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद ३६ चा भंग केला आहे. शिक्षेचा परिणामकारक पुनर्विचार व्हावा, असा आदेशही देण्यात आला. शिक्षा रद्द करण्याची आणि सुटकेची मागणी मात्र मान्य झाली नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात हा निर्णय वाचताना त्या कायद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकदमच दिसतात. आपल्या विद्यार्थ्याला ते सर्वांत लवकर समजावे, इतका हा विषय त्याच्या घरचा आहे.

श्रेयांकांचा हिशेब

आता ज्यावर विद्यार्थ्याचे एक संपूर्ण वर्ष अवलंबून असते त्या गोष्टीकडे वळू. परदेशात उत्तम गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक येथे जमा झाले नाहीत, तर पदवी लांबते, आणि पाठोपाठ सनद, नोकरी, पुढील प्रवेश सारेच लांबते. हे टाळण्यासाठी निघण्यापूर्वीच विषयांची यादी असलेले अध्ययन करारपत्र तयार करून त्यावर विद्यार्थी, आपले विद्यापीठ व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या घ्यावयाच्या असतात. तेथे पोहोचल्यावर वेळापत्रक जुळत नाही म्हणून विषय बदलावा लागणे ही नेहमीची बाब आहे. अशा वेळी बदललेल्या करारपत्रावर पुन्हा तिन्ही सह्या घ्याव्यात. प्राध्यापकांच्या तोंडी संमतीवर विसंबून राहू नये. ते बदलून गेले तर नव्या माणसास काहीच ठाऊक नसते.

दुसरे असे की, भारतीय विधिज्ञ परिषदेने अनिवार्य ठरविलेले विषय येथेच शिकावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहिता किंवा १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांची जागा युरोपातील कोणताही विषय घेऊ शकत नाही. म्हणून ज्या सत्रात वैकल्पिक विषय अधिक असतील तेच सत्र विनिमयासाठी निवडणे शहाणपणाचे. हजेरीच्या नियमातून परदेशी सत्र कसे धरले जाणार, हेही लेखी विचारून ठेवावे. तिसरी बाब गुणांच्या रूपांतराची. डच सात म्हणजे चांगला गुण. तोच आकडा आपल्या दहाच्या श्रेणीत जसाच्या तसा उतरविला, तर हुशार विद्यार्थ्याची सरासरी खाली येते. रूपांतराचे कोष्टक आधीच मागून घ्यावे. काही ठिकाणी परदेशी विषयांना केवळ 'उत्तीर्ण' असा शेरा देऊन हा प्रश्न टाळतात.

विनिमय विद्यार्थ्याची पदवी भारतीयच असल्यामुळे परदेशी पदवीच्या मान्यतेचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. संपूर्ण कायद्याची पदवीच परदेशात घेणाऱ्यास मात्र ती पदवी विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली असावी लागते आणि येथे सनद मिळण्यासाठी अर्हता परीक्षाही द्यावी लागते.

खर्च आणि परवाने

शुल्कमाफी म्हणजे खर्चमाफी नव्हे, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. विमानप्रवास, निवास, भोजन, विमा हे सर्व विद्यार्थ्याच्या माथी येते, आणि निवासाचा प्रश्न नेदरलँड्समध्ये फारच बिकट आहे. विद्यापीठातर्फे खोली मिळविण्याचा अर्ज प्रवेश निश्चित होताच, त्याच दिवशी, करावा. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय परस्पर पैसे पाठविल्याने फसलेल्यांची संख्या थोडी नाही. शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, या पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी व पीएच. डी. साठी आहेत, एका सत्राच्या विनिमयास त्या लागू होत नाहीत. विनिमयाच्या विद्यार्थ्याने इरॅस्मसचे अनुदान किंवा यजमान विद्यापीठाची मदत यांचीच चौकशी करावी. अशी मदत मिळत नसेल तर ही संधी आजही मुख्यतः ऐपतदार घरांचीच राहते, हे मान्य करावयास हवे. ज्यांना संपूर्ण सत्र परवडत नाही, त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीच्या उन्हाळी वर्गांचा विचार करावा. १९२३ पासून भरणाऱ्या या वर्गांचा कालावधी काही आठवड्यांचाच असतो आणि त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्याही दिल्या जातात.

नव्वद दिवसांहून अधिक मुक्कामासाठी निवासपरवाना लागतो. तो यजमान विद्यापीठामार्फतच मागवावयाचा असल्याने त्यांच्या पत्रांना उशिरा उत्तर देणे महागात पडते. खर्चापुरती रक्कम आपल्याकडे आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. तेथे पोहोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते. शिकत असताना आठवड्याला सोळा तासांपर्यंत काम करता येते. मात्र त्यासाठी मालकाने आपल्या नावे परवाना काढणे आवश्यक असते आणि पुष्कळ मालक तेवढी तसदी घेत नाहीत. तेव्हा त्या कमाईवर अंदाजपत्रक बेतू नये.

पहिले सत्र सप्टेंबरात सुरू होऊन जानेवारीच्या सुमारास संपते. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांच्या आगेमागे येतात. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षेची सोय आहे, परंतु ती काही आठवड्यांनी आणि पुष्कळदा तेथेच द्यावी लागते. स्वस्तात मिळते म्हणून परतीचे तिकीट जाण्यापूर्वीच काढून ठेवणाऱ्यांनी फेरपरीक्षेची तारीख आधी पाहावी आणि तिच्यानंतरचा दिवस निवडावा.